ओठावर उतरलेला ताप

"गेल्या पंधरवड्यात घरात कुणाच्या ओठावर जर उतरला होता का, तापानंतर येतात ते फोड?" त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी वहीत लिहीत होते. आजाराचं नाव त्यांनी नुकतंच सांगितलं होतं आणि मी ते दोनदा विचारून नीट उतरवून घेतलं होतं : एक्झिमा हर्पेटिकम. पेन तिथंच थांबलं. उत्तर द्यायची वेळ आलीच नाही. मॅडम माझ्या खालच्या ओठाकडं बघत होत्या. खपली पडून गेल्याचा लालसर डाग डाव्या कोपऱ्यात अजून होता.

शेजारी तपासणीच्या बाकावर माझी मुलगी श्रावणी कुशीवर पडलेली. वय तेरा. मान, कोपरांच्या खोबणी आणि उजवा गाल बारीक, एकसारख्या फोडांनी भरलेला. काही फोड फुटून तिथं टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते. उजवी पापणी सुजून मिटलेली. अंगात एकशे दोन ताप.

"आजच ॲडमिट करायचं," मॅडम म्हणाल्या. "आणि डोळ्याच्या डॉक्टरांना आजच दाखवायचं. उद्या नाही."

'उद्या नाही' हे दोन शब्द मी वहीत का लिहिले, मला माहीत नाही. पण ते आजही त्या पानावर आहेत.

ज्यांच्या घरात एक्झिमाचं मूल आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आमच्या घरात जे झालं ते अगदी नीटनेटक्या, काळजीवाहू घरात झालं. म्हणूनच ते सांगायला हवं.

मी एका फौंड्रीत स्टोअर सांभाळते. कुठला बोल्ट कुठल्या खणात, किती शिल्लक, कधी मागवायचा, हे माझं रोजचं काम. घरीही मी तशीच. श्रावणीला सातव्या महिन्यात एक्झिमा निघाला तेव्हापासून माझी एक वही चालू आहे. एक्झिमा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ॲटोपिक डर्मटायटिस, हा कातडीचा जन्मजात कच्चेपणा. मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं : कातडी हा शेताचा बांध समजा. हिचा बांध जागोजागी फुटका आहे. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. मग खाज, मग खाजवणं, मग बांध आणखी फुटतो. मध्ये दोन-तीन महिने कातडी शांत राहते आणि पुन्हा अचानक उसळते. या उसळण्याला फ्लेअर-अप म्हणतात.

प्रत्येक उसळीनंतर मी कारण शोधायची आणि यादीत भर घालायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी फ्रिजच्या दारावर ती यादी चिकटवलेली होती. एका बाजूला 'चालतं', दुसऱ्या बाजूला 'चालत नाही'. चालत नाही या बाजूला लोकर, धूळ, घाम, उदबत्तीचा धूर, वासाचा साबण. त्याखाली अंडं, वांगं, शेंगदाणे, आंबट ताक, टोमॅटो, फरसाण, मिसळ. खाण्याची बाजू वर्षावर्षाला वाढत गेली. श्रावणीच्या मैत्रिणी त्या यादीला 'तुझ्या आईचा कायदा' म्हणायच्या.

आता त्या पंधरा दिवसांकडं वळते.

भाऊबीजेला आम्ही कागलला माझ्या नणंदेकडं दोन दिवस राहिलो. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. साखर कारखान्याची काजळी हवेत होती. दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलवर काळे ठिपके पडायचे आणि श्रावणीनं तोच टॉवेल वापरला. वर थंडीही पडलेली. परत आल्यावर कोपरं आणि मान लाल होऊन चिरली. मी मॅडमनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम सुरू केलं. तीन दिवसांत लाली निम्मी झाली आणि मी ते बंद केलं. "स्टेरॉइड लावू नकोस गं, कातडी पातळ हुतीया," असं नणंदेनं बजावलं होतं आणि मलाही आतून तेच वाटत होतं. मॅडमनी दहा दिवस सांगितले होते. ही पहिली चूक. आग अर्धी विझवून मी पाणी बंद केलं.

बांध असा अर्धवट उघडा असताना मला ताप आला. दोन दिवसांचा साधा ताप. तिसऱ्या दिवशी तो गेला आणि ओठाच्या कोपऱ्यात चुरचुरून पाण्याचे फोड उठले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खूश झाल्या. "जर उतरला न्हवं? मग झालं. आंगातली उष्णता भाईर पडली. आता ताप फिरून येतोय कशाला."

आमच्याकडं सगळे हेच मानतात. माझी आईही हेच म्हणायची. ताप ओठावर उतरला म्हणजे माणूस सुटला. जर हा आजार असतो असं आमच्या डोक्यातही कधी आलं नाही. तो आजार गेल्याची खूण. फौंड्रीतल्या सुपरवायझरनंही माझ्याकडं बघून हेच म्हटलं : "ताप गेला वाटतं मॅडम, जर दिसतोय."

आत्याबाईंनी वाटीत लोणी काढून दिलं. "लाव वरचेवर, खपली मऊ पडंल."

मी लावत होते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं ओठाला लोणी लावायचं, बोट ओढणीला पुसायचं. मग श्रावणीची आंघोळ झाली की तेच बोट तिच्या रोजच्या ओलाव्याच्या मलमाच्या मोठ्या डब्यात घालायचं आणि तिच्या कोपरांना, मानेला, गालाला चोळायचं. सकाळ-संध्याकाळ, एकही पाळी न चुकवता. वहीत तशा खुणा आहेत, बरोबरच्या.

सहा-सात दिवसांनी, मंगळवारी, तिच्या मानेवर पहिले फोड दिसले. बुधवारी गालावर आले आणि ताप चढला. हे फोड नेहमीच्या एक्झिमासारखे नव्हते. एक्झिमा खाजतो. हिला दुखत होतं. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. लिहिणाऱ्या माणसानं निदान तेवढं तरी लिहायला हवं होतं : खाज नाही, दुखतंय.

त्याऐवजी मी तिची उलटतपासणी घेतली.

"काय खाल्लंस बाहेर?"

"काय नाही."

"श्रावणी, कातडी खोटं बोलत नाही."

मग ती रडली आणि तिनं कबूल केलं. क्लास सुटल्यावर मैत्रिणींबरोबर मिसळ खाल्ली होती, सोमवारी. मी वही उघडली आणि तिच्यासमोर लाल पेनानं लिहिलं : 'सोमवार. मिसळ, लपवून.' कारण सापडलं म्हणून मला हायसं वाटलं होतं. हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी उजवा डोळा उघडेना. तेव्हा मी रिक्षा बोलावली.

आता पुन्हा मॅडमच्या खोलीत. त्यांनी एका फोडाच्या तळातला ओलावा काचेवर घेतला. याला झँक स्मिअर म्हणतात. रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण रिपोर्टची वाट न बघता त्यांनी औषध सुरू करायला सांगितलं.

"जर हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळं येतो," त्या म्हणाल्या. "ताप आला की तो डोकं वर काढतो. तुमच्या धड कातडीवर तो ओठापुरता राहतो. हिच्या फुटक्या बांधातून तो सगळीकडं पसरला. तुमच्याकडूनच आला असं शंभर टक्के मी सांगणार नाही. पण शक्यता मोठी आहे."

"डोळ्याला काय होऊ शकतं?" मी विचारलं.

त्यांनी क्षणभर श्रावणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "विषाणू बुबुळापर्यंत गेला तर व्रण पडतो. व्रणाचा डाग राहिला तर नजर अधू होते. म्हणून घाई करतेय."

मी ते वहीत लिहिलं नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदाच मी डॉक्टरांचं वाक्य लिहिलं नाही.

डोळ्याच्या विभागात आमच्या आधी सतरा माणसं होती. बहुतेक मोतीबिंदूची, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली. पेठ वडगावहून आलेल्या एका म्हाताऱ्यांनी श्रावणीला बघून आपला नंबर आम्हाला दिला. "आमचं काय, पिकलं पान. लेकराला आधी जाऊ द्या, पावणं," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी थेंब टाकला. फ्लुरोसीन. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कुठं सोललेला असेल तर निळ्या उजेडात तिथं हिरवं चमकतं. श्रावणीची हनुवटी यंत्रावर टेकवलेली, मी तिच्या डोक्यामागं उभी. डॉक्टर पापणी उचलून बराच वेळ बघत राहिले. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याच्या ओळी मोजल्या. सात.

"आज पडदा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण फोड पापणीच्या कडेला आलेत. उद्या परत बघू."

शुक्रवारी त्यांना एक हिरवी रेघ दिसली. बारीक, फाटे फुटलेली. त्यांनी मला यंत्रातून दाखवली. दाखवली नसती तर बरं झालं असतं. वाळक्या फांदीसारखी ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही.

"लवकर सापडलंय," डॉक्टर म्हणाले. "दिवसातून पाच वेळा हे डोळ्यात घालायचं मलम. हात धुऊन. नजरेच्या बरोबर मधोमध नाही, कडेला आहे. पण सरकायला नको."

वॉर्डात असायक्लोव्हिर सलाइनमधून चालू होतं, दर आठ तासांनी, प्रत्येक वेळी तासभर. हे विषाणूला वाढू न देणारं औषध. मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून पाणी भरपूर पाजायचं आणि किती पाणी आत गेलं, किती लघवी झाली याची नोंद ठेवायची. सिस्टरनी मला तक्ता दिला. मी तो इतका चोख भरला की त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही इथंच नोकरीला या." मी हसले नाही. माझ्या हातात आता कामाचं असं एवढंच उरलं होतं. मुलीला हात लावायचा तर हातमोजे घालून. ओठाचा डाग सुकला होता, तरी मी तोंडाला मास्क बांधून बसायची.

शनिवारी दुपारी आत्याबाई मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन आल्या. नातीकडं बघून त्यांना भडभडून आलं, आणि रडू आलं की त्या रागावतात.

"भाईरचं खायाचं, वर लपवायचं. मग आसं हुतंय बघ! त्या मिसळीनं डोळा गेला आसता की पोरीचा."

श्रावणीनं भिंतीकडं तोंड केलं. तीन दिवस मी काहीच बोलले नव्हते. ओठावरच्या जराचं मॅडमना माहीत होतं, माझ्या नवऱ्याला माहीत होतं. श्रावणीला मी सांगितलं नव्हतं. तिला ताप आहे, नंतर सांगू, असं मी स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर माझी छाती होत नव्हती.

आत्याबाई डबा विसळायला गेल्या. श्रावणी भिंतीकडं बघतच म्हणाली, "आई, डोळा गेला तर मिसळीमुळंच जाईल ना?"

"असं का विचारतेस?"

"तू लाल पेनानं लिहिलंयस."

मी पिशवीतून वही काढली. ते पान काढलं आणि तिच्या चांगल्या डोळ्यासमोर धरलं.

"मिसळीनं नाही झालं," मी म्हटलं. "माझ्या ओठावरच्या जरानं झालं. मी त्याच बोटानं तुला मलम लावत होते. तुझी काही चूक नाही. माझी आहे."

सलाइनचे थेंब पडत होते. मला वाटलं, आता ही कधीच माझ्याशी बोलणार नाही.

"मग तेपण लाल पेनानं लिही," ती म्हणाली.

मी मिसळीवर काट मारली आणि खाली लिहिलं : 'आईचा जर. आईचं बोट.' अक्षर वाकडं आलं. तिनं ते वाचलं.

"लोणी लावलेलं बोट?"

"हो."

"ई! आई!" तिनं नाक मुरडलं. मग हातमोज्यातलं माझं बोट धरलं आणि तशीच झोपली.

आत्याबाई परत आल्या तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. त्या आधी मानेनात. "आमच्या ओठावर जल्मभर जर उतरला. कुनाला काय झालं न्हाय." संध्याकाळी मॅडम राउंडला आल्या तर त्यांनी सरळ मॅडमनाच विचारलं. मॅडमनी शांतपणे समजावलं : "आजी, तुमची कातडी धड होती. हिची नाही. तान्ह्या बाळाला आणि एक्झिमाच्या माणसाला जर आलेल्या माणसानं जपायचं. मुका घ्यायचा नाही, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही." आत्याबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. मॅडम गेल्यावर पुटपुटल्या, "लोणी मीच दिलं की गं वाटीत." तेव्हापासून मिसळीचं नाव त्यांनी काढलं नाही.

रविवारी नवे फोड थांबले. सोमवारी ताप नव्हता. डोळा अजून लाल होता आणि उजेड सोसत नव्हता. रोज सकाळी डोळ्याच्या विभागातला तो बाक, तो नारिंगी थेंब, तो निळा उजेड. रोज मी तक्त्याच्या सात ओळी मोजायची. मंगळवारी रेघ आखडली होती. शुक्रवारी डॉक्टरांनी दोनदा बघितलं, खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाले, "भरलं. डाग राहिलेला दिसत नाही. वाच बाळ ती शेवटची ओळ."

श्रावणीनं उजव्या डोळ्यानं शेवटची ओळ वाचली. मी तिथल्याच स्टुलावर बसले.

घरी सोडण्याआधी मॅडमनी माझी यादी मागितली. मी फ्रिजवरून काढून नेली. त्यांनी पेन घेतलं आणि खाण्याच्या जवळजवळ सगळ्या ओळींवर रेघ मारली. "यातल्या कशाचीही हिला तपासून ठरलेली ॲलर्जी नाही. वाढत्या मुलीचं खाणं अंदाजानं तोडू नका. खाल्ल्यावर लगेच पित्त उठलं, ओठ सुजले, तर मला सांगा, आपण तपासू." मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुमच्यासाठी इथं उतरवते. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्याच, पण विचारायचं काय हे तरी माहीत हवं.

आंघोळ कोमट पाण्यानं आणि थोडक्यात. अंग टिपून, ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, म्हणजे ओलावा धरून ठेवणारं मलम, हात सैल सोडून लावायचं. कातडी चांगली दिसत असतानाही रोज. उसळी येऊ नये म्हणून ते असतं, आल्यावर धावपळ करायला नव्हे. डब्यात बोट घालायचं नाही. स्वच्छ चमच्यानं वाटीत काढायचं, उरलेलं परत डब्यात टाकायचं नाही. स्टेरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तितकंच, आणि सांगतील तितके दिवस पूर्ण. भीतीनं मध्येच सोडायचं नाही, आणि मनानं वाढवायचंही नाही. नखं बारीक. अंगाला लागून सुती कपडा, लोकर त्याच्यावरून. हंगामात कागलला गेलो तर टॉवेल आपला न्यायचा आणि घरात वाळवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एक्झिमावर अचानक एकसारखे फोड आले, ते खाजण्याऐवजी दुखू लागले, ताप आला, किंवा डोळ्याजवळ काही उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. आधी कारण शोधत बसू नका. मी दोन दिवस कारण शोधत बसले होते.

घरी आल्यावर मी नवी यादी करायला बसले. श्रावणीनं कागद ओढून घेतला. "कातडी माझी आहे ना? मग यादी मी लिहिणार." तिची यादी सात-आठ ओळींचीच आहे. मैत्रिणी आता या यादीला कायदा म्हणत नाहीत.

माघात मला पुन्हा ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी ओठाच्या त्याच कोपऱ्यात चुरचुरायला लागलं. फोड अजून दिसतही नव्हता, पण ती हिरवी फांदी पुन्हा समोर आली. मी मास्क बांधला, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

आत्याबाईंनी लोण्याची वाटी मुकाट्यानं कपाटात ठेवून दिली.

श्रावणी आंघोळ करून आली. माझा मास्क बघून तिनं काही विचारलं नाही. फ्रिजवरच्या यादीत शेवटची ओळ तिच्या अक्षरात आहे, लाल पेनानं : 'आईला जर आला तर मलम माझं मी लावणार. पाठीला आजी.' तिनं चमचा घेतला, वाटीत मलम काढलं आणि आरशासमोर उभी राहून आधी मान, मग कोपरं, मग उजव्या डोळ्याखालचा गाल, असं सावकाश लावलं. पाठीसाठी आजीकडं वळली. आत्याबाईंनी आधी हात धुतले, आणि धुतलेले हात मला उंच करून दाखवले.

मी चार हात लांबून बघत होते. तेरा वर्षांत एक दिवसही हे काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं.

"डाव्या गुडघ्यामागं राहिलं," माझ्यानं राहवलं नाही.

"दिसतंय की मला," ती म्हणाली, आणि खाली वाकली.

मी हात पाठीमागं बांधले आणि तिचं लावून पूर्ण होईपर्यंत तिथंच उभी राहिले.